नोकरीतला नकार आणि त्यानंतरचे दिवस

नोकरीसाठी मिळालेला नकार हा एका जागेपुरता निर्णय असतो. आलेल्या उमेदवारांतून, हाताशी असलेल्या वेळात, स्वतःच्या गरजेप्रमाणे एका संस्थेने कोणाला तरी निवडलेले असते आणि उरलेल्यांना नकार मिळतो. उमेदवार घरी पोहोचेपर्यंत मात्र त्याच्या मनात हाच निर्णय स्वतःवरचा शेरा होऊन बसतो. ‘ही जागा मिळाली नाही’ याचे ‘माझ्यातच काही नाही’ होते, आणि मग पुढचा अर्ज भरायला हात उचलत नाही. नकारानंतर सकारात्मक राहायचे म्हणजे निर्णयाचा शेरा होऊ द्यायचा नाही आणि पुढच्या अर्जापुरती ताकद शाबूत ठेवायची. चेहरा हसरा ठेवण्याशी त्याचा फारसा संबंध नाही.

हा विषय समजून घ्यायला पुण्याच्या नैर्ऋत्येची धायरी चांगले ठिकाण आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये पुणे महापालिकेत आलेल्या अकरा गावांत धायरीचे नाव आहे. शेजारच्या वडगाव बुद्रुक आणि नऱ्ह्यात अभियांत्रिकीची महाविद्यालये आहेत, नऱ्हे-धायरी पट्ट्यात लेथ, सीएनसी आणि फॅब्रिकेशनची लहान वर्कशॉप आहेत, आणि बेनकर वस्ती, रायकर मळ्यापासून धायरी फाट्यापर्यंत नव्या-जुन्या इमारतींची दाटी आहे. कॉट बेसिसवर राहून डबा लावणारी लातूर, बीड, सोलापूरकडची मुले इथे आहेत. पदवीनंतर स्पर्धा परीक्षेला बसणारे आहेत, मुले मोठी झाल्यावर पुन्हा नोकरी शोधणाऱ्या बायका आहेत आणि पंचेचाळिशीत कंपनीने कमी केलेले सुपरवायझरही आहेत. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा किंवा चाकणला मुलाखतीसाठी निघणाऱ्या माणसाचा अर्धाअधिक दिवस नवले पुलाच्या आणि सिंहगड रस्त्याच्या गर्दीतच जातो. एका मुलाखतीची किंमत अशी दिवसभराची असते, म्हणून तिचा नकारही जड जातो.

नकार येण्याच्या तऱ्हा वेगवेगळ्या आहेत आणि प्रत्येकीचा त्रास वेगळा आहे. सरकारी भरतीत तो यादीच्या रूपाने येतो. यादीत नाव नसते, पण कट-ऑफ आणि स्वतःचे गुण कळतात. वर्कशॉपमध्ये मालक तोंडावर सांगतो, ‘सध्या माणूस नको.’ खासगी कंपन्यांत ‘आम्ही कळवू’ एवढेच म्हटले जाते आणि नंतर काहीच कळत नाही. यातला शेवटचा प्रकार सर्वांत छळणारा, कारण त्यात संपले असे कोणी सांगत नाही. फोन वाजला की धडधड होते, मेल दिवसातून वीसदा उघडून पाहिला जातो, दुसरीकडे अर्ज करणे ‘तिकडचे कळेपर्यंत’ लांबणीवर पडते. त्यातच बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणाच्या तरी ऑफर लेटरखाली अभिनंदनाची रांग लागते. या स्थितीवर एक साधा उपाय आहे. मुलाखत संपतानाच ‘निर्णय साधारण कधीपर्यंत कळेल?’ हे विचारून घ्यावे. ती तारीख उलटून दोन-तीन दिवस झाले की एकदाच विचारणा करावी, आणि उत्तर आले नाही तर ती जागा वहीतून खोडून टाकावी. नंतर बोलावणे आलेच तर आनंदच आहे, पण त्याची वाट पाहत थांबू नये.

नकाराने होणारे दुःख खरे असते, ते दुबळेपणाचे लक्षण नाही. नाओमी आयझेनबर्गर, मॅथ्यू लिबरमन आणि किपलिंग विल्यम्स यांनी २००३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. संगणकावर चेंडू झेलण्याचा साधा खेळ होता आणि त्यात एका खेळाडूला मुद्दाम चेंडू देणे बंद केले जाई. अशा वगळलेल्या माणसाच्या मेंदूत, शारीरिक वेदनेच्या त्रासाशी जोडला जाणारा एक भाग सक्रिय झालेला दिसला. या निष्कर्षाचा नेमका अर्थ काय लावायचा यावर नंतर शास्त्रज्ञांत वाद झाले. तरी अनोळखी माणसांनी एका फुटकळ खेळातून वगळल्यावरही माणसाला लागते, ही गोष्ट अनेकदा दिसून आली आहे. मग ज्या नोकरीवर घरभाडे, शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता आणि लग्नाची बोलणी अवलंबून आहेत, तिच्या नकाराने दोन दिवस जेवण गेले नाही तर त्यात नवल काही नाही. त्या दोन दिवसांत ‘पॉझिटिव्ह राहा’ असा सल्ला देणारा माणूस मदत करत नसतो, उलट दुःखावर अपराधीपणाची भर घालत असतो.

हे दुःख आपल्याला वाटते तितके टिकत मात्र नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनियल गिल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये केलेल्या अभ्यासांपैकी एक नोकरीच्या मुलाखतीवरच होता. नकार मिळाला तर किती वाईट वाटेल, याचा अंदाज उमेदवारांकडून आधी घेतला गेला. प्रत्यक्ष नकारानंतर थोड्याच वेळाने मोजले तेव्हा त्यांना अंदाजापेक्षा बरेच कमी वाईट वाटत होते. धक्क्यातून सावरण्याची मनाची ताकद माणूस स्वतःच्या हिशेबात धरत नाही, असा या संशोधकांचा निष्कर्ष आहे. म्हणून नकाराच्या संध्याकाळी आयुष्याचे निर्णय घेऊ नयेत. क्षेत्र सोडणे, पुणे सोडणे, शिक्षण अर्धवट टाकणे यांचा विचार आठवड्याने करावा. तोपर्यंत प्रश्नाचा आकार बदललेला असतो.

दुःख ओसरल्यावर खरे काम सुरू होते, ते नकाराचा अर्थ लावण्याचे. महाराष्ट्रात या बाबतीत भक्कम परंपरा आहे. अमेरिकी मानसतज्ज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठीत आणली आणि आयुष्यभर शिकवली. तिचा गाभा सोपा आहे. घटना घडते आणि भावना उमटते, पण या दोन्हींच्या मध्ये त्या घटनेविषयीची एक समजूत असते, आणि भावना त्या समजुतीतून जन्मते. ‘मला ही नोकरी मिळायलाच हवी होती, मिळाली नाही म्हणजे सगळे संपले, आणि ज्याला ती मिळत नाही तो नालायक’ अशी समजूत असेल तर माणूस खचून अंथरुणाला खिळतो. ‘ही नोकरी मिळाली असती तर फार बरे झाले असते, मिळाली नाही हे वाईट झाले, आता दुसरी शोधावी लागेल’ अशी समजूत असेल तर त्याच नकाराने वाईट वाटते, पण दुसऱ्या दिवशी तो आंघोळ करून बाहेर पडतो. एलिस दुःख नाहीसे करा असे सांगत नाहीत. वाईट वाटणे आणि कोसळणे यांत ते फरक करतात, आणि हा फरक सरावाने शिकता येतो असे म्हणतात. नकारानंतर मनात फिरणारी वाक्ये कागदावर जशीच्या तशी लिहावीत आणि प्रत्येक वाक्यापुढे ‘याला पुरावा काय?’ असे विचारावे, एवढ्यानेही पुष्कळ वाक्ये लंगडी पडतात.

मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन यांनी हाच मुद्दा वेगळ्या बाजूने मांडला आहे. अपयशाचे कारण माणूस स्वतःला कसे सांगतो, यावर तो किती लवकर उभा राहतो हे बरेचसे ठरते. कारण कायमचे आहे, सगळीकडे लागू आहे आणि सर्वस्वी आपलेच आहे, असे धरणारा माणूस लवकर हात टेकतो. ‘मला इंग्रजी येत नाही, मी कधीच कुठे निवडला जाणार नाही’ या वाक्यात तिन्ही दोष आहेत. ‘आजच्या मुलाखतीत प्रोजेक्टबद्दल इंग्रजीत सलग बोलता आले नाही’ हे त्याच घटनेचे अधिक खरे वर्णन आहे, आणि त्यावर महिनाभरात काही करता येते. इथे स्वतःला फसवायचे नाही, अचूक बोलायचे आहे.

अचूक बोलण्यासाठी निवड कशी होते याचीही माहिती लागते. तलाठी भरतीचे २०२३ चे उदाहरण घ्या. साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी राज्यभरातून दहा लाखांहून जास्त अर्ज आले. म्हणजे एका जागेमागे दोनशेहून अधिक माणसे. या परीक्षेत नाव न लागणे हा बहुतेकांच्या बाबतीत आकड्यांचा अटळ परिणाम आहे. त्यातून कोणाच्याही लायकीविषयी फारसे काही सिद्ध होत नाही. खासगी क्षेत्रात आकडे दिसत नाहीत, पण चाळणी तितकीच यांत्रिक असते. दहावी, बारावी आणि पदवीत सलग साठ टक्के ही अट, शिक्षणातला गॅप, नोटिस पिरियडची लांबी, अपेक्षित पगाराचा आकडा, अर्ज वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला रिझ्युमेत न सापडलेला एखादा शब्द, यांपैकी कशानेही अर्ज माणसाच्या नजरेपर्यंत पोहोचण्याआधीच बाद होऊ शकतो. कधी जागा आतल्याच माणसासाठी ठरलेली असते, कधी बजेट गोठते आणि भरतीच थांबते. उमेदवार मात्र या सगळ्याचे कारण स्वतःच्या बोलण्यात, कपड्यांत आणि गावात शोधत राहतो.

काही वेळा अट स्वतःच चुकीची असते, आणि तेव्हा नकार निमूट गिळण्यापेक्षा प्रश्न विचारणे योग्य ठरते. पुण्याच्या औद्योगिक इतिहासात याचे गाजलेले उदाहरण आहे. १९७४ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी, म्हणजे नंतरच्या सुधा मूर्ती, यांनी टाटांच्या टेल्को या कंपनीच्या भरतीची सूचना पाहिली. शेवटी ओळ होती की स्त्री उमेदवारांनी अर्ज करू नये. अर्ज करण्याआधीच आलेला हा नकार होता. त्यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहून, टाटांच्या कंपनीने असा भेदभाव करावा याचे आश्चर्य वाटते, असे कळवले. थोड्याच दिवसांत पुण्याला मुलाखतीसाठी यावे अशी तार आली. तांत्रिक प्रश्नांची उत्तरे देऊन त्या निवडल्या गेल्या आणि टेल्कोच्या कारखान्यातल्या पहिल्या महिला अभियंता झाल्या. प्रत्येक नकाराला असे पत्र लिहायचे नसते आणि प्रत्येक पत्राला तार येत नाही. पण नकार गुणांमुळे आला की नियमामुळे, हे ओळखण्याची शिस्त मात्र प्रत्येक उमेदवाराला उपयोगी पडते.

याहून जुने आणि अधिक शिकवणारे उदाहरण लक्ष्मणराव किर्लोस्करांचे आहे. बेळगाव भागातल्या गुर्लहोसूर इथे १८६९ मध्ये जन्मलेले लक्ष्मणराव चित्रकार व्हायला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. तिथे त्यांच्या डोळ्यांत रंगांधत्वाचा दोष आहे हे लक्षात आले आणि रंगांचे दार बंद झाले. यांत्रिक आरेखनाला रंग लागत नाहीत, म्हणून त्यांनी तो विषय धरला आणि त्याच बळावर व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षकाची नोकरी मिळवली. पुढे बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला देण्यात आली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगावात भाऊ रामूअण्णांबरोबर सायकलच्या दुकानात लक्ष घातले. सायकलींवरून ते कडबा कापण्याच्या यंत्राकडे आणि मग लोखंडी नांगराकडे वळले. नांगराला सुरुवातीला गिऱ्हाईकच मिळेना, कारण लोखंडामुळे जमिनीत विष कालवले जाते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पुढे बेळगावातली जागाही सोडावी लागली. तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल स्थानकाजवळची ओसाड जमीन आणि कर्ज दिले, आणि १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली.

ही गोष्ट नेहमी ‘नकार मिळाला म्हणून उद्योगपती झाले’ अशी सांगितली जाते, आणि तशी ती दिशाभूल करते. नकार मिळालेले बहुतेक लोक उद्योगपती होत नाहीत आणि त्यांनी तसे व्हावे अशी अपेक्षा करणे हाही एक जाचच आहे. किर्लोस्करांच्या आयुष्यात पाहण्यासारखे वेगळेच आहे. प्रत्येक नकारानंतर हातात काय उरले, हे त्यांनी पाहिले. रंग गेले तरी रेषा होत्या, बढती गेली तरी यंत्रांची जाण होती, जागा गेली तरी नांगराचे साचे होते. दुसरे असे की ते एकटे नव्हते. भाऊ होता, आणि पुढे जमीन देणारा जाणकार राजा मिळाला. मनाची उभारी ही एकट्याची कमाई क्वचितच असते. तिसरे, नांगर खपेपर्यंत मधला काळ रिकामा गेला नाही, दुकान आणि काम चालूच होते.

मधला काळ रिकामा गेला की काय होते, याचा सर्वांत प्रसिद्ध अभ्यास ऑस्ट्रियातल्या मारिएन्थाल या गावचा आहे. तिथली कापडगिरणी बंद पडल्यावर जवळजवळ सारे गाव बेकार झाले. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझल यांनी त्याचे निरीक्षण करून १९३३ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. लोकांना भरपूर मोकळा वेळ मिळाला होता, तरी वाचनालयातून पुस्तके नेण्याचे प्रमाण घटले. पुरुष रस्त्याने सावकाश चालू लागले, मध्येच थांबू लागले. दिवसभरात काय केले हे अनेकांना सांगता येईना. याहोडांनी पुढे यावरून मांडले की नोकरी पगाराखेरीज दिवसाला आखणी देते, घराबाहेरच्या माणसांशी संबंध देते, इतरांबरोबर काही साधण्याची जाणीव देते, समाजात ओळख देते आणि हातांना काम देते. नकारांची मालिका लांबत गेली की पैशाइतकीच या गोष्टींचीही टंचाई होते.

हे लक्षात घेतले तर उपायही दिसतात, आणि ते मनाला उपदेश करण्यापेक्षा सोपे आहेत. उठण्याची वेळ नोकरी असल्यासारखी ठेवावी. सकाळचे ठरावीक तीन-चार तास अर्ज, सराव आणि फोन यांसाठी ठेवावेत आणि ते रूमवरच्या पलंगावर बसून न करता अभ्यासिकेत किंवा वाचनालयात जाऊन करावेत. त्यानंतर दिवसाचा उरलेला भाग मोकळा ठेवायला हरकत नाही. दिवसभर नोकरी शोधणारा माणूस चौथ्या दिवशी थकतो. आठवड्यातून एक-दोन कामे इतरांसाठी असावीत, जसे सोसायटीतल्या मुलांची शिकवणी, मित्राच्या दुकानाचा हिशेब, गणपती मंडळाची वर्गणी. फुकट वाटणारी ही कामे माणसाला माणसांत ठेवतात. शरीराकडेही लक्ष हवे. धायरीतून खडकवासला आणि सिंहगड जवळ आहेत, आणि पहाटे गडाची वाट चढून आलेल्या माणसाला रात्री झोप लागते.

लिहिण्याचा एक प्रयोग वेगळा सांगण्यासारखा आहे. स्टेफनी स्पेरा, एरिक बुरफाइंड आणि जेम्स पेनेबेकर यांनी नोकरी गेलेल्या अभियंत्यांच्या एका गटाला सलग पाच दिवस, रोज वीस मिनिटे, नोकरी गेल्याबद्दलच्या मनातल्या भावना आणि विचार लिहायला सांगितले. दुसऱ्या गटाला दिवसाची आखणी यांसारखे कोरडे विषय दिले आणि तिसऱ्याने काहीच लिहिले नाही. पुढच्या काही महिन्यांत पहिल्या गटातल्या लोकांना नव्या नोकऱ्या लक्षणीयरीत्या लवकर मिळाल्या. हा अभ्यास १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. तिन्ही गटांनी केलेल्या अर्जांच्या आणि फोनच्या संख्येत फरक नव्हता. संशोधकांना वाटले की राग कागदावर उतरल्याने तो पुढच्या मुलाखतीत सांडला नसावा. मुलाखतीत आधीच्या कंपनीबद्दल कडवट बोलणारा उमेदवार पडतो, हे भरती करणाऱ्यांना चांगले ठाऊक असते. वही आणि पेन एवढ्याच खर्चाचा हा उपाय आहे आणि त्याची भाषा मराठीच असावी, कारण राग आपल्या भाषेतच नीट उतरतो.

नोकरी मिळाल्याची स्वप्ने रंगवण्याचा मात्र उलटा परिणाम होऊ शकतो. गाब्रिएले ओटिंगन आणि डोरिस मायर यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जर्मन विद्यापीठातल्या पदवीधरांचा दोन वर्षे माग ठेवला. आपल्याला नोकरी मिळेल असा अनुभवावर आधारलेला विश्वास असणाऱ्यांचे चांगले झाले. पण नोकरी मिळाल्याची सुखद चित्रे वारंवार रंगवणाऱ्यांनी अर्ज कमी केले, त्यांना नोकरीच्या ऑफर कमी आल्या आणि पगारही कमी मिळाला. स्वप्नात यश चाखलेले मन प्रत्यक्षात ढिले पडते, असे ओटिंगन यांचे म्हणणे आहे. ‘आरशात पाहून रोज म्हणा की मी यशस्वी आहे’ अशी शिकवण देणाऱ्या शिबिरांना पैसे भरण्याआधी हा अभ्यास आठवावा. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाने १९८० च्या दशकात बेकारांसाठी जे प्रशिक्षण तयार केले, त्यात आशावादाचे धडे कमी आणि अडथळ्यांची तयारी जास्त होती. पुढचा नकार कुठून येऊ शकतो, आला तर त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी काय करायचे, हे उमेदवार गटात बसून आधीच ठरवत. असे प्रशिक्षण घेतलेल्यांना अधिक चांगल्या नोकऱ्या मिळाल्या आणि त्यांच्यातले नैराश्यही कमी राहिले. धायरीतल्या एका फ्लॅटमध्ये राहणारे चार रूम पार्टनर हे आठवड्यातून एका संध्याकाळी सहज करू शकतात.

नकारातून माहिती काढणे हा पुढचा भाग. मुलाखतीहून परतताना बसमध्येच विचारलेले प्रश्न लिहून ठेवावेत, कारण दुसऱ्या दिवशी निम्मे विसरतात. नकाराचा मेल आला तर तीन ओळींचे उत्तर द्यावे: वेळ दिल्याबद्दल आभार, कोणती एक गोष्ट सुधारावी असा प्रश्न, आणि पुढे जागा निघाल्यास विचार व्हावा ही विनंती. बहुतेकदा उत्तर येत नाही. पण निवडलेला उमेदवार ऐन वेळी रुजू न होण्याचे प्रकार पुण्यात नेहमीचे आहेत, आणि तेव्हा नीट बोललेला माणूस आधी आठवतो. पाच-सहा नकारांनंतर वही उघडून पाहिली की नमुना दिसतो. अर्जांना बोलावणेच येत नसेल तर दोष रिझ्युमेत किंवा निवडलेल्या जागांत आहे. पहिली फेरी पार होत नसेल तर ॲप्टिट्यूड किंवा तांत्रिक तयारी कमी पडते आहे. शेवटच्या फेरीत अडत असेल तर बहुधा पगाराची अपेक्षा किंवा बोलण्याची पद्धत तपासावी लागेल. या तिन्हींचे उपाय निरनिराळे आहेत, आणि ‘माझे नशीबच खराब’ या निदानात ते तिन्ही हरवतात.

ओळखींबद्दल मराठी तरुणांत अवघडलेपण फार. नोकरीसाठी कोणाला सांगणे म्हणजे वशिला लावणे, असे त्यांना वाटते, आणि नकारानंतर तर माणसे टाळण्याकडेच कल होतो. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात दाखवून दिले की ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम सहावा हिस्सा लोक त्या ओळखीच्या माणसाला वारंवार भेटत असत. बाकीच्यांना वाट दाखवणारे लोक अधूनमधून किंवा क्वचित भेटणारे होते. जिवलग मित्रांना जे माहीत असते ते आपल्यालाही माहीत असते, नवी बातमी लांबच्या माणसाकडून येते. धायरीच्या एखाद्या मोठ्या सोसायटीत आयटीवाले, बँकवाले, वर्कशॉपचे मालक आणि शिक्षक एकाच लिफ्टने येतात-जातात. त्यांना ‘नोकरी द्या’ म्हणायचे नसते. ‘मी अमुक काम जाणतो, जागा निघाल्याचे कळले तर सांगा’ एवढे सांगण्यात कमीपणा काही नाही.

घरच्यांचा वाटा यात मोठा आहे. गावाकडून येणाऱ्या फोनवर पहिला प्रश्न ‘झालं का काही?’ हा असतो. त्यात काळजी असते, पण ऐकणाऱ्याला तो तगादा वाटतो आणि तो फोन घेणेच टाळू लागतो. आईवडिलांनी नोकरीची चौकशी करावी, पण आधी जेवणाची, झोपेची आणि पैशाची करावी. मुलांनीही खरे सांगावे. नकार लपवून ‘चालू आहे प्रोसेस’ म्हणत राहिले की मनावर दुहेरी ओझे येते, आणि उसनवारी सुरू झाली तर घरी कळेपर्यंत उशीर होतो. लग्नाकार्यात नातेवाइकांनी शेजारच्या मुलाच्या पॅकेजचा आकडा सांगू नये, एवढी विनंती करणे रास्त आहे.

स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. महाराष्ट्रात खुल्या प्रवर्गाची कमाल वयोमर्यादा साधारणपणे ३८ आहे, मागासवर्गीयांसाठी ४३. मर्यादा इतकी लांब असल्याने ‘अजून एक प्रयत्न’ म्हणत वर्षे निघून जातात. चिकाटी हा गुण खरा, पण थांबण्याची तारीख निकाल लागण्याआधी, शांत डोक्याने आणि घरच्यांशी बोलून ठरवलेली असावी. त्या तारखेला वाट बदलणे ही हार नव्हे. दरम्यानच्या काळात अर्धवेळ काम किंवा एखादे कौशल्य हाताशी असावे.

खचलेल्या माणसाला गाठणारेही पुष्कळ असतात. ‘रजिस्ट्रेशन फी’, ‘ट्रेनिंग डिपॉझिट’, ‘लॅपटॉपची सिक्युरिटी’ अशा नावांनी पैसे मागणारी कन्सल्टन्सी आणि हुबेहूब वाटणारे खोटे ऑफर लेटर हा पुण्यात जुना धंदा आहे. नोकरी देणारी खरी कंपनी उमेदवाराकडून पैसे घेत नाही. पैसे ऑनलाइन गेलेच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार करावी. खऱ्या मदतीच्या जागा सरकारी आहेत आणि त्या विनामूल्य आहेत. ‘महास्वयम’ या राज्याच्या संकेतस्थळावर नोंदणी करता येते, जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र रोजगार मेळावे भरवते, आणि आयटीआय झालेल्यांना १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कारखान्यात विद्यावेतनावर शिकता येते. नुसत्या पदवीवर आलेल्या दहा नकारांपेक्षा वर्षभराची शिकाऊ उमेदवारी रिझ्युमेला जास्त वजन देते.

उदासी काही दिवसांत ओसरली नाही तर ती वेगळी बाब समजावी. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडाली, भूक गेली, कशातच रस वाटेना, माणूस खोलीबाहेर पडेना किंवा जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागला, तर ती सल्ल्याने बरी होणारी गोष्ट राहत नाही. तेव्हा डॉक्टर किंवा समुपदेशक गाठावा, आणि रूम पार्टनरने किंवा भावाने सोबत जावे. अशा माणसाला एकटे ठेवू नये. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतून प्रशिक्षित समुपदेशकाशी बोलता येते.